गाठीचा टाका

"तुमच्या दोघींपैकी इथं राहायला कोण येणार आहे?" मेट्रनबाईंनी टेबलावरचे कागद सारखे करत विचारलं.

प्रश्न साधाच होता. समोर दोन म्हाताऱ्या बसलेल्या, एक पंच्याहत्तरची आणि एक अडुसष्टची. दोघींचे केस पांढरे, दोघींच्या अंगात राखाडी स्वेटर, दोघींच्या मांडीवर घट्ट धरलेली पर्स. विचारणारीचं त्यात काय चुकलं? धाकटी, मुंगी, उत्तर द्यायला पुढे सरकली. तिनं तोंड उघडायच्या आत थोरली बहीण, अक्का, खुर्चीत ताठ झाली आणि म्हणाली, "ही राहणार. माझी धाकटी. जरा भित्री आहे, तेवढं सांभाळून घ्या. बाकी काही त्रास नाही तिचा." लहान मुलांशी बोलताना माणसं चेहरा जसा मऊ करतात, तसा मेट्रनबाईंनी केला आणि त्या मुंगीकडे वळल्या. "अस्सं! या हं, आजी. मला सांगा बघू, आज वार कोणता?" यावर हसायला हवं होतं. अहो, मी नाही, ही माझी बहीण, असं म्हणायला हवं होतं. पण मुंगी वार शोधायला लागली. अंधाऱ्या खोलीत भिंतीवरून हात फिरवत बटण शोधावं, तशी. सोमवारी डॉक्टरांचं पत्र आणलं, मग एक दिवस बॅग भरण्यात गेला, मग आज. का मधे अजून एक दिवस होता? स्वेटरच्या गळ्यापाशी सकाळपासून काहीतरी टोचत होतं, ते आता जास्तच टोचायला लागलं. "बुधवार," ती म्हणाली. मेट्रनबाईंच्या मागे भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरकडे तिरका डोळा टाकत अक्का म्हणाली, "गुरुवार. सांगितलं ना तुम्हाला, सांभाळून घ्या म्हणून."

मग पर्समधून कागद निघाले, डॉक्टरांचं पत्र निघालं, अक्काचा फोटो निघाला. मेट्रनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगंबाई! माफ करा हं. तुमच्या ताईच इतक्या टापटीप बसल्यात, मला वाटलं... होतं असं कधी कधी." "होतं," मुंगी म्हणाली. ती हसलीसुद्धा. पण पर्सचा बंद होत नसलेला खटका ती दोन्ही अंगठ्यांनी दाबत राहिली. होतं असं. वार काय, कुणीही चुकतं. नोकरीतून मोकळ्या झालेल्या माणसाला वारांचं काय? असं तिनं स्वतःला समजावलं. पण अक्कासुद्धा चार वर्षांपूर्वी असंच म्हणायची, हेही तिला त्याच क्षणी आठवलं.

अक्का टापटीप होती हे खरंच. चाळीस वर्षं लॉन्ड्रीत काढलेल्या बाईचं डोकं गेलं तरी घडी जात नाही. आजही तिचा पोशाख परीटघडीचा होता आणि रुमाल चौकोनी होता. शहरातली हॉटेलं, दवाखाने, वसतिगृहं यांचं सगळं धुणं त्या लॉन्ड्रीत यायचं. खाली भट्टी, वर इस्त्रीची टेबलं, आणि जिन्याच्या तोंडाशी खिडकीखाली सात नंबरचं टेबल. ते खुणांचं टेबल, अक्काचं. आलेल्या प्रत्येक नगाच्या आतल्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं गिऱ्हाइकाचा आकडा घालायचा, म्हणजे हजार चादरींच्या ढिगातूनही ज्याची चादर त्याच्याकडे बिनचूक परत जाते. तिथं कपड्याला कपडा म्हणत नसत, नग म्हणत. अक्काला आकडा दिसला की गिऱ्हाईक आठवायचं, आणि गिऱ्हाईक दिसलं की आकडा. रस्त्यानं जाताना एखाद्या साहेबाकडे बघून ती हळूच म्हणायची, "तो बघ, दोनशे अकरा. कॉलर फाटलीय, पण तोरा कमी नाही." आणि दोघी हसत सुटायच्या. शाळा सुटली की मुंगी त्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. वाफेचा, खळीचा, ओल्या सुताचा तो वास अजूनही कुठं आला की तिला बे एके बे आठवतं. मोठी झाल्यावर सुट्टीत दोन वर्षं तिनंही खुणा घातल्या होत्या, पण तिच्या हाताला ते कसब कधी आलंच नाही. अक्काचा नियम होता, दोऱ्याला गाठ मारायची नाही. शेवटी दोन उलटे टाके घालून टोक कापडातच जिरवायचं. गाठ राहिली की ती अंगाला टोचते, धुण्यात अडकते. मुंगीचा दोरा मात्र उलट्या टाक्यांवर कधी थांबला नाही. सुटेल, निसटेल या धास्तीनं ती लपूनछपून गाठ मारायची, आणि अक्का बोट फिरवून ती नेमकी शोधायची. "मारलीस ना? गाठीचा टाका म्हणजे भित्र्या माणसाचा टाका, मुंगे."

मेट्रनबाई पुढे आणि दोघी मागे, अशा त्या लांबलचक व्हरांड्यातून चालल्या. फरशी नुकतीच पुसलेली, फिनाइलचा वास. एका दारात एक म्हातारा उलटी टोपी घालून उभा होता. त्यानं त्यांना लष्करी सलाम ठोकला. अक्कानंही त्याला सलाम ठोकला. मुंगीला हसू आलं नाही. हा वास तिच्या ओळखीचा होता. नऊ वर्षांची असताना तिला सहा आठवडे साथीच्या इस्पितळात ठेवलं होतं. घरच्यांना भेटायची बंदी होती. आई दारातच रडत बसली, म्हणून सोळा वर्षांची अक्का तिला पोहोचवायला आली. नोकरीला लागून अक्काला जेमतेम महिना झाला होता. आदल्या दिवशी तिनं मुंगीच्या प्रत्येक फ्रॉकला, रुमालाला, अगदी मोज्यांनाही लाल दोऱ्यानं एकच आकडा घातला होता, सात. "हा माझ्या टेबलाचा नंबर," तिनं सांगितलं होतं. "हरवलेला प्रत्येक नग शेवटी माझ्याच टेबलावर येतो. तू हरवलीस तर लोक ही खूण बघतील आणि तुला माझ्याकडे आणून देतील. मग भ्यायचं कशाला?" आणि ती पाठ फिरवून गेली. एकदाही तिनं मागे वळून बघितलं नाही. कितीतरी वर्षांनी मुंगीनं त्याबद्दल टोमणा मारला, तेव्हा अक्का म्हणाली, "बघितलं असतं तर तुला उचलून घरीच आणलं असतं. मग दोघी मेलो असतो तापानं." त्या सहा आठवड्यांत मुंगी फ्रॉकची कड तोंडाशी धरून झोपायची. जिभेला सातचा आकडा लागायचा. त्याला गाठ नव्हती.

खोलीचा नंबर चौदा होता. "सात दुणे चौदा," दारावरच्या आकड्याकडे बघत अक्का म्हणाली. "म्हणजे दोघींची." मेट्रनबाई कौतुकानं हसल्या. मुंगीनं मात्र आकड्यावरून नजर काढली. खोली मोठी होती. एक खाट, एक कपाट, खिडकीपाशी खुर्ची, आणि दुसऱ्या भिंतीलगत फरशीवर एक लांबट फिकट चौकोन. सामान लावायला आलेली मदतनीस बाई म्हणाली, "आधी इथं दोन खाटा होत्या. नवरा-बायको राहायचे." ते कुठं गेले हे तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तिनं बॅग उघडली, यादी काढली आणि एकेक कपडा उलटा करून बघायला सुरुवात केली. इथला नियम असा होता, की आणलेल्या प्रत्येक कपड्यावर आतून खोलीचा नंबर हवा. शाईनं लिहिला तरी चालतो, पण शाई तीन धुण्यांत जाते. मुंगीनं लाल दोरा वापरला होता. यादी आल्यापासून चार दुपारी तिनं त्यात घालवल्या होत्या. जेवण झालं की ती खिडकीत बसायची, नाकावर चष्मा, मांडीवर कपड्यांचा ढीग. अक्का शेजारी बसून बघायची. तिच्या हातात सुई द्यायची मुंगीला भीती वाटायची. "हे कुणाचं धुणं ग?" अक्का विचारायची. "एका गिऱ्हाइकाचं." "चौदा नंबर? मला आठवत नाही. नवीन दिसतंय." "हो, नवीन आहे." "बरे लोक आहेत का?" यावर मुंगीला दोरा दिसेनासा व्हायचा. थोडे दिवस हवापालट, एवढंच तिनं अक्काला सांगितलं होतं. चार दुपारी ती तिच्याशेजारी बसून खोटं शिवत होती.

पण करणार काय? अक्कानं तापलेली इस्त्री गादीवर ठेवली आणि गादीला हाताएवढं भोक पडलं, ते मुंगीनं पोटात घातलं. लॉन्ड्री बंद होऊन अकरा वर्षं झाली, तरी अक्का भल्या सकाळी डबा घेऊन कामाला जायची आणि तिथं आता जे आरशांचं दुकान आहे त्याच्यासमोर, पन्नास अक्कांच्या पुढ्यात, दार कधी उघडतंय याची वाट बघत उभी राहायची. तेही तिनं पोटात घातलं. पण गेल्या महिन्यात अक्का दोन दिवस सापडली नाही. सापडली तेव्हा पायात चपला नव्हत्या. अक्काची मुलगी दूरदेशी असते. तिनं फोनवर रडून सांगितलं, "मावशी, तू एकटी किती पुरणार? तुझंही वय झालं." अक्का शेजारून ऐकत होती. ती म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकतेय, हाकू दे." मुलीचं बोलणं मात्र मुंगीला वेगळ्याच जागी लागलं. तुझंही वय झालं. आईला हे बासष्टाव्या वर्षी सुरू झालं होतं. एक दिवस आईनं दार उघडलं आणि आपल्याच दोन मुलींना विचारलं, "आपण कोणाकडे आलात?" त्या दिवशी जिना उतरताना अक्का म्हणाली होती, "आता आपल्या दोघींपैकी कुणाचा नंबर लागतो, बघू." तेव्हा त्या हसल्या होत्या. अक्काचा एकाहत्तराव्या वर्षी लागला. मुंगीनं ग्रंथालयाच्या खिडकीत तीस वर्षं पुस्तकं दिली आणि घेतली. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे तिला न बघता सांगता यायचं. त्याच मुंगीला गेल्या आठवड्यात दोरीवर कपडे अडकवायचा तो लाकडी, तो दोन पायांचा, त्याचं नाव आठवलं नाही. चिमटा. दुपारभर तिनं तो हातात धरून ठेवला होता. कुणाला सांगितलं नाही. सुतावरून स्वर्ग गाठू नये, असं स्वतःला बजावलं.

"बाई, नग बरोबर आहेत, एकोणतीस," मदतनीस म्हणाली. नग हा शब्द ऐकून अक्कानं मान वर केली. "पण या चारांना नंबर नाही."

"असं कसं होईल? मी सगळ्यांना घातलेत."

"हे बघा ना. स्वेटर, गाऊन, टॉवेल आणि ही उशीची खोळ."

मुंगीनं चारही कपडे खिडकीपाशी नेले. उलटे केले, सुलटे केले. काहीच नव्हतं. तिला स्पष्ट आठवत होतं. एकोणतीस रेघा, यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची एक रेघ, आणि शेवटच्या दुपारी संपवून तिनं चहा केला होता. अक्कानं खुणा उसवल्या असतील. हो, तसंच. सुई हातात न दिल्याचा राग. तिला एकदम हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. तिनं कापड उजेडाला धरलं. टाका उसवला तर भोकं राहतात, निदान कापड सुरकुततं, हे टेबलाखाली बसून वाढलेल्या मुलीला कुणी शिकवायला नको. भोकं नव्हती. त्या कापडाला सुई लागलेलीच नव्हती. आजूबाजूची खोली थोडी लांब गेल्यासारखी झाली. "राहिले असतील," मदतनीस सहज म्हणाली. "एवढ्या धांदलीत होतं तसं. सुई-दोरा देऊ?"

सुई आली. मुंगीचा दोरा नेढ्यात जाईना. एकदा, दोनदा, तीनदा. "आण इकडं," अक्का म्हणाली. तिनं दोऱ्याचं टोक जिभेनं ओलं केलं, डोळे अर्धे मिटले आणि दोरा ओवला. मग गाऊन मांडीवर ओढला आणि आतल्या कोपऱ्यात, बघता बघता, एक आणि चार घातले. दोन उलटे टाके, टोक आत, दातानं दोरा तोडला. मुंगीनं त्यावरून बोट फिरवलं. खूण कुठं संपते ते कळत नव्हतं. मग टॉवेल, मग खोळ, मग स्वेटर. मदतनीस बघतच राहिली. "मावशी, तुम्ही तर आम्हालाच शिकवाल." "शिकवेन की. पण गाठ मारणाऱ्यांना नाही," अक्का म्हणाली. तिनं मुंगीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात तिची जुनी बहीण पुरती हजर होती, एखादी ओळखीची बाई खिडकीत यावी तशी. "हे माझंच धुणं होतं ना, मुंगे? चौदा नंबर म्हणजे मीच."

मुंगीनं डोळे पुसले. तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग रडतेस काय? खूण घातलेला नग हरवत नाही." मग आवाज खाली आणून, जणू मदतनीस बाईच्या कानावर जायला नको म्हणून, ती म्हणाली, "तुला कुठं ठेवलंय?"

"मी घरी असते, अक्का."

"एकटी?"

"एकटी."

"भिशील," अक्का म्हणाली. आणि ती ओळखीची बाई खिडकीतून निघून गेली. अक्का रुमालाची घडी मोडून पुन्हा घालायला लागली. जेवणाची घंटा झाली, मदतनीस बाईनं तिच्या हाताला धरलं. व्हरांड्याच्या टोकाशी मुंगी पाठ फिरवून चालू लागली. मागे वळून बघायचं नाही, हे ती एकोणसाठ वर्षांपूर्वी शिकली होती. फाटकापर्यंत तिनं पाळलं. फाटकाशी वळून बघितलं, तर व्हरांड्यात कुणीच नव्हतं. फक्त तो उलट्या टोपीचा म्हातारा. त्यानं तिलाही सलाम ठोकला. ओळखीच्या माणसाला ठोकावा तसा.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. बाहेर दुकानं, सिग्नल, घरी निघालेली माणसं. ती त्या चार दुपारी मनात मांडत राहिली. पहिल्या दुपारी गाऊन. दुसऱ्या दुपारी टॉवेल आणि खोळी. तिसऱ्या दुपारी... तिसऱ्या दुपारी ऊन मांडीवर होतं, अक्का डुलक्या घेत होती, रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत होतं. मांडीवर काय होतं? ऊन आठवतं, हातगाडी आठवते, हातातली सुई आठवते, पण सुईखालचं कापड आठवत नाही. तिथं नुसतं पांढरं होतं, धुऊन खळ घातलेल्या चादरीसारखं. ती त्या पांढऱ्यावर पुन्हा पुन्हा जाऊन आपटत राहिली. मानेला टोचत होतं. ती बोटानं ते बाजूला सारायची, पुन्हा टोचायचं. स्टॉप आला तेव्हा वाहकानं हाक मारली, "आजी, उतरणार ना? कालही तुम्ही पुढे गेला होतात." ती उतरली. बस निघून गेली. काल ती बसमध्ये कधी बसली होती?

घरात पाऊल टाकलं तर दोन कप तसेच ओट्यावर होते. तिनं दिवा लावला आणि आधी स्वेटर काढला, आत काय टोचतंय ते बघावं म्हणून. तो तिचाच होता. कोपराला तिनंच तपकिरी ठिगळ लावलं होतं, अक्का त्या ठिगळाला कायम हसायची. गळ्याच्या आत, मधोमध, लाल दोऱ्यात, चौदा.

ती कपाटाकडे गेली. खिशापाशी शाईचा डाग पडलेला निळा गाऊन, बावीस वर्षं तिच्याच अंगातला. चौदा. तिचा टॉवेल. चौदा. ती रोज जिच्यावर डोकं ठेवते ती उशी. चौदा. ती खाटेवर बसली. तरीही एक जागा उरली होती. अक्कानं केलं असेल. मुंगी चहा करायला उठली असेल, अक्कानं सुई उचलली असेल, आणि धाकटीला पुन्हा एकदा आपला नंबर घातला असेल, हरवू नये म्हणून. असं असलं तर किती बरं. याहून चांगलं जगात काही नसेल. तिनं गाऊनचा कोपरा उलटा केला आणि डोळे मिटून बोट फिरवलं. तिला आधीच माहीत होतं. सकाळपासून मानेला माहीत होतं. बोटाखाली, बारीक आणि कडक, गाठ लागली. टॉवेलला गाठ. खोळीला गाठ. स्वेटरला तर दोन, एकावर एक.

डब्यातून तिनं छोटी कात्री काढली. गाठ कापली की दोरा सरसर निघतो, पाच मिनिटांचं काम. कुणाला कळलंही नसतं. लॉन्ड्रीत खूण फक्त एकाच वेळी उसवायचे, गिऱ्हाईक आता कधीच यायचं नाही हे कळल्यावर. अक्का ते काम दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. मुंगी कात्रीचं टोक गाठीखाली घालून कितीतरी वेळ तशीच बसली. मग कात्री तिनं डब्यात ठेवली आणि स्वेटर पुन्हा अंगात घातला. थंडी नव्हती.

फोन वाजला. भाची होती. "मावशी, झालं का सगळं? आई रडली का?"

"नाही. तिनं सगळ्यांना कामाला लावलंय."

भाची हसली, मग नाक ओढलं. "आणि तू? तू बरी आहेस ना?"

बरी आहे, असं म्हणायला मुंगीनं तोंड उघडलं. चार वर्षं अक्कानं हेच उत्तर दिलं होतं.

"खोली मोठी आहे ग," ती म्हणाली. "चौदा नंबरची. आधी तिथं दोन खाटा होत्या म्हणे. भिंतीलगत अजून एकीची जागा आहे."

मुंगीनं स्वेटरचं वरचं बटण लावलं. गाठ मानेला टोचली. तिनं ती टोचू दिली.